पोस्टर तयार, साउंड बाकी

विद्यार्थ्यांची शॉर्टफिल्म पूर्ण झाली हे हल्ली पोस्टरवरून कळतं. फिल्ममध्ये अजून पंख्याची घरघर नायिकेच्या संवादावर मात करत असते, कलर करेक्शनवाला मित्र फोन उचलत नसतो, आणि शेवटच्या प्रसंगाखाली एक गाजलेलं गाणं बिनपरवाना वाजत असतं. पण पोस्टरवर महोत्सवांच्या शिक्क्यांतल्या पानांच्या सोनेरी जोड्या अशा दाटीवाटीने बसलेल्या असतात की नायकाचा चेहरा झुडपात लपलाय असं वाटावं. त्यातल्या निम्म्यांवर नुसतं ‘ऑफिशियल सिलेक्शन’.

ही पानं पिकवणारे महोत्सव दर महिन्याला भरतात. भरतात म्हणजे काय, तर फी भरून घेतात, तीही डॉलरमध्ये. पडदा नाही, खुर्च्या नाहीत, प्रेक्षक नाहीत. बक्षिसं मात्र रग्गड, आणि ट्रॉफी हवी तर तिचे पैसे वेगळे.

आणि खरं यश? २०२४ साली कान चित्रपट महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी-फिल्मच्या विभागात पहिलं बक्षीस पुण्याच्या एफटीआयआयमधल्या विद्यार्थ्यांच्या सोळा मिनिटांच्या कन्नड फिल्मला मिळालं. तिथे फिल्म ऐकूही येत असणार, असा आपला माझा अंदाज.

तेव्हा दिग्दर्शकहो, अर्ज भरण्याआधी त्या महोत्सवाचं मागच्या वर्षीचं वेळापत्रक आणि थिएटरचा पत्ता शोधा. सापडला नाही, तर ती फी साउंडवाल्याला द्या. त्याचे तसेही थकलेत.