नदीकडची गॅलरी

बिल्डरच्या माणसाची पाच मिनिटं आपल्या घड्याळात सापडत नाहीत. स्टेशन पाच मिनिटांवर, शाळा पाच मिनिटांवर, हायवे तर 'हा काय, बाजूलाच'. ही मिनिटं पावसाळ्यात मोजलेली नसतात, आणि एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात रडणारं मूल अशा अवस्थेत तर नाहीच नाही. खडवलीला घर बघायला उतरणाऱ्यानं एवढी मनाची तयारी करूनच उतरावं.

कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. सीएसएमटीपासून सुमारे 70 किलोमीटर. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली रेल्वे 1855 मध्येच इथून पुढे वासिंदपर्यंत जाऊन पोचली होती. आपल्या नोकरदार माणसाला मात्र हेच अंतर कापायला दीडशेहून जास्त वर्षं लागली, कारण तो मधल्या स्टेशनांवर एकेक पिढी थांबत आला. आजोबा गिरगावच्या चाळीत, वडील डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये, आणि मुलगा आता कसारा लोकलच्या दारात. वडिलांनी डोंबिवलीला जागा घेतली तेव्हा गिरगावच्या आत्यानं "जंगलात राहायला निघालास का रे?" असं विचारल्याचं आमच्याकडे अजून सांगतात. हीच आत्या पुढे दर मे महिन्यात डोंबिवलीला मुक्काम ठोकायची. हवा चांगली म्हणून. त्यामुळे 'लांब पडतं' या आक्षेपाला आमच्या घरात फारशी किंमत नाही. कसारा लोकल चुकली की पुढची किती वेळानं, हा आक्षेप जास्त खरा. पण तो ब्रोशरमध्ये छापलेला नसतो.

सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरलं की आधी हायसं वाटतं. आपण उगाच घाबरत होतो, एवढ्याशा जागेत सगळं कसं छान बसलंय! मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागते. आतल्या खोल्यांना दारंच लावलेली नाहीत. वॉशिंग मशीन नाही, सिलिंडर नाही, कपडे वाळत घालायची दोरी नाही. पलंग असा बेतलेला की त्यावर सॅम्पल माणूसच झोपू शकेल. आमच्या घरी दिवाणाच्या पोटात गोधड्या, गणपतीचं मखर आणि लग्नात आहेर म्हणून आलेली, पुढे कुणाच्या तरी आहेरात द्यायची म्हणून जपलेली लेमन सेट्सची खोकी आहेत. त्यांचा या घरात कुणी विचारच केलेला नव्हता. बायकोनं पर्समधून शिवणकामाची टेप काढली आणि फ्रिजच्या कोनाड्याला लावली.

"आमचा फ्रिज यात जाणार नाही."

"मॅडम, नव्या घरात नवा फ्रिज घ्याल ना!" तो टाय लावलेला मुलगा म्हणाला. मुलगा गोड होता. त्याच्या घरी फ्रिज कोण घेतं ते कळायला अजून अवकाश होता.

मापाचं हे प्रकरण पूर्वी निव्वळ श्रद्धेचं होतं. सुपर बिल्टअपच्या काळात जिना, लिफ्ट, लॉबी, वॉचमनची केबिन या सगळ्यांचा एकेक तुकडा आपल्या फ्लॅटमध्ये राहायला यायचा. 1 मे 2017 ला, चक्क महाराष्ट्र दिनी, महारेराचं काम सुरू झालं आणि कार्पेटची व्याख्या पक्की झाली: बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून, आतल्या भिंती धरून. आतल्या भिंती धरून! म्हणजे जिथं उभं राहता येत नाही, फक्त खिळा ठोकता येतो, त्या जागेचेही पैसे. पण माझी तक्रार नाही. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, आणि ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो. मोबाइल धरला की ताब्याची तारीख समोर. ब्रोशरवरच्या त्या पांढऱ्या कपड्यांतल्या हसऱ्या कुटुंबापेक्षा हा काळा-पांढरा चौकोन मला जास्त जवळचा वाटतो. त्या कुटुंबाला सकाळची गाडी पकडायची नाही, हे त्यांच्याकडे बघूनच कळतं.

वडिलांचा या सगळ्यावर एकच प्रश्न होता: "सातबारा बघितलास का?"

पैशांचं गणित बायकोनंच मांडलं. 45 लाखांच्या आत आणि 60 चौरस मीटर कार्पेटच्या आत असलेल्या, बांधकाम चालू असलेल्या घरावर 2019 पासून जीएसटी 1 टक्का. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत. तीस लाखांवर 30,000 रुपये वाचतात. स्त्री-पुरुष समानतेवर आमच्याकडे आजवर झालेल्या सगळ्या चर्चांनी जे साधलं नाही, ते या एका टक्क्यानं साधलं. घर तिच्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून.

शेवटी त्या टायवाल्या मुलानं आम्हाला प्रत्यक्ष इमारतीत चौथ्या मजल्यावर नेलं. गॅलरीला अजून कठडा नव्हता, नुसता बांबू आडवा बांधला होता. समोर भातसा. रविवार होता, स्टेशनवरून रिक्षा भरभरून पोरं डुंबायला येत होती.

"या साइडचे सगळे रिव्हर व्ह्यू. सव्वा लाख एक्स्ट्रा."

"आणि पाण्याचं कसं आहे?" बायकोनं विचारलं.

"बोअर आहे ना मॅडम. मे महिन्यात थोडा टँकर लागतो. नळाचं पण येणार आहे."

"समोर नदी वाहतेय की!"

"ती मुंबईची आहे, मॅडम."

मुलगा खोटं बोलत नव्हता. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी सर्वांत मोठं धरण शहापूर तालुक्यातलं भातसा. शहराचं जवळपास निम्मं पाणी तिथलं. धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच खाली येतं, पिसेच्या बंधाऱ्याशी उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईला जातं. मुंबईचा माणूस जागेच्या शोधात इकडे येतो, आणि इकडचं पाणी त्यानं मागे सोडलेल्या नळाकडे निघालेलं असतं.

बायकोनं क्षणभर नदीकडे पाहिलं. "मग व्ह्यूचे सव्वा लाख मुंबईकडून घ्या."

मुलानं ब्रोशर मिटलं आणि सरांना फोन लावला. बऱ्याच बोलाचालीनंतर सरांनी चाळीस हजार सोडले. उरलेले पंच्याऐंशी हजार आम्हीच मुंबईकडून वसूल करायचे, असं बायकोचं मत आहे.