एका खुर्चीची किंमत

दरवर्षी जून उजाडला की आणीबाणीच्या आठवणी निघतात. इंदिरा गांधी, संजय गांधी, सेन्सॉर, नसबंदी, गजाआडचे नेते. २८ एप्रिल ही तारीख मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसते. १९७६ साली त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी निकाल दिला, की आणीबाणी असेपर्यंत सरकारने कुणालाही स्थानबद्ध केलं, अगदी बेकायदा केलं, तरी त्याला सुटकेसाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या हिशेबात मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली डांबलेल्यांची संख्या सुमारे ३५ हजार भरते. त्या सगळ्यांसाठी शेवटचं दार त्या दिवशी बंद झालं, आणि ते बंद करणारे हात पोलिसांचे नव्हते.

आपण काय करतो आहोत हे न्यायमूर्तींना कळत नव्हतं, असं म्हणायलाही जागा नाही. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून माणूस मारला तर? त्यावर काही इलाज? डे म्हणाले, माझा युक्तिवाद मान्य केला तर आणीबाणी असेपर्यंत काहीच इलाज नाही. सरकारचा वकील भर न्यायालयात हे बोलला. एवढं कानांनी ऐकून चार न्यायमूर्तींनी तोच युक्तिवाद उचलून धरला. सरन्यायाधीश अजित नाथ राय, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत चंद्रचूड आणि प्र. न. भगवती. विरोधात एकटे खन्ना.

यातला एक धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. साठच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात तीन मराठी न्यायमूर्ती एकाच काळात होते. ह. रा. गोखले, यशवंत चंद्रचूड आणि वि. म. तारकुंडे. तेच न्यायालय, तीच परंपरा. आणीबाणीत गोखले केंद्रात कायदामंत्री होते. चंद्रचूड सर्वोच्च न्यायालयाच्या त्या पीठावर होते. तारकुंडे त्यांच्यासमोर वकील म्हणून उभे राहून स्थानबद्धांची बाजू मांडत होते. एकाच मुशीतले तिघे. म्हणून ‘त्या काळात सगळेच तसे होते’ ही सबब मला मुळीच पटत नाही. सगळे तसे नव्हते.

दुसरी सबब कायद्याची. राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खाली, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्यासाठी, दाद मागण्याचा हक्क स्थगित होता, मग न्यायमूर्तींनी करायचं तरी काय? जे नऊ उच्च न्यायालयांनी केलं तेच. कायदा तोच, आदेश तोच, आणि तरीही या नऊ न्यायालयांनी सांगितलं होतं की स्थानबद्धतेचा हुकूम कायद्याला धरून आहे का, एवढं तरी आम्ही तपासणारच. आपल्या नागपूर खंडपीठाचा निर्णयही त्यात होता. मुंबईत वकिलांच्या खासगी सभेवर पोलिसांनी घातलेली बंदी न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी उडवून लावली, ती आणीबाणी ऐन भरात असताना.

आणि या माणसांना किंमत मोजावी लागली. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध निकाल देणाऱ्या दिल्लीच्या दोन न्यायमूर्तींपैकी रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली. दुसरे, अग्रवाल, अतिरिक्त न्यायाधीश होते. त्यांना कायम न करता पुन्हा सत्र न्यायालयात पाठवलं गेलं. घरदार, मुलांच्या शाळा, ज्येष्ठता, सगळं पणाला लागलेल्या माणसांनी हे केलं. सर्वोच्च न्यायालयातल्या चौघांना गुवाहाटीला कोण पाठवणार होतं? जायचीच तर फार फार तर सरन्यायाधीशपदाची संधी गेली असती. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून राय यांना त्या पदावर बसवलं होतं, तेव्हा सरकारचा इशारा सगळ्यांना कळला होता. खन्नांनाही. हा निकाल दिला की ते पद हातचं जाणार, असं त्यांनी आपल्या बहिणीला आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. एका खुर्चीची किंमत होती ती. पाचांतल्या एकाने मोजली.

बेग यांच्या निकालपत्रातला एक मुद्दा वाचताना आजही हात थरथरतो. स्थानबद्धांच्या खाण्यापिण्याची, राहण्याची सरकार जी काळजी घेतं ती जवळजवळ मातेसारखी आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. समाजवादी नेत्या मृणाल गोरे तेव्हा कुठे होत्या? अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटीला कोठडीत ठेवलं होतं. शेजारी एका बाजूला कुष्ठरोगी बाई, दुसऱ्या बाजूला रात्रंदिवस ओरडणारी मनोरुग्ण बाई. ज्या ‘पाणीवाल्या बाई’च्या मोर्चांनी मंत्रालय हादरत असे, तिला मोडण्याचा हा बेत होता. (त्या मोडल्या नाहीत, सुटल्यावर थेट लोकसभेवर निवडून गेल्या.) आणि १ मे १९७६ ला, म्हणजे निकालानंतर तिसऱ्याच दिवशी, बंगळुरूत भूमिगत नेते जॉर्ज फर्नांडिस यांचे भाऊ लॉरेन्स यांना पोलीस घरातून घेऊन गेले. भावाचा ठावठिकाणा सांग म्हणून इतकं मारलं की पुढे त्यांना धड चालता येईना. कुठे ठेवलंय, असं कुठल्या न्यायालयात विचारायचं? विचारण्याचा हक्कच तीन दिवसांपूर्वी मोडीत निघाला होता.

आणीबाणी उठली, जनता सरकार आलं. पंतप्रधान मोरारजी देसाई स्वतः स्थानबद्धतेतून सुटलेले. त्यांच्याच सरकारने फेब्रुवारी १९७८ मध्ये चंद्रचूडांना सरन्यायाधीश केलं. मुंबईतल्या नामवंत वकिलांनी उघड विरोध केला, तो ज्येष्ठतेच्या नियमापुढे टिकला नाही. ते सात वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. इतका काळ आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. त्यांच्यानंतर भगवती. २०११ मध्ये भगवतींनी आपलं चुकलं असं जाहीरपणे मान्य केलं. २०१७ मध्ये खासगीपणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९७६चा तो निर्णय मोडीत काढला, आणि ते लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. मुलाने वडिलांची चूक सुधारली म्हणून त्या वेळी केवढं कौतुक झालं. मला त्या कौतुकात सामील होता आलं नाही. अनुच्छेद २१ पुन्हा कधी स्थगित करता येऊ नये ही तरतूद संसदेने १९७८ मध्येच ४४व्या घटनादुरुस्तीने करून टाकली होती. न्यायालयाला स्वतःचा निकाल पुसायला ४१ वर्षं लागली.

न्यायालयाचं दार उघडं असलं तर काय होऊ शकतं, हे पाहायचं तर केरळातला राजन आठवा. कालिकतच्या इंजिनीअरिंग कॉलेजातला विद्यार्थी. मार्च १९७६ मध्ये पोलिसांनी त्याला उचललं आणि कक्कायमच्या छावणीत छळून मारलं. वडील, ईच्चर वारियर, हिंदीचे प्राध्यापक. मुलगा जिवंत आहे समजून ते वर्षभर मंत्र्यांचे, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. त्यांनी बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला तो मार्च १९७७ मध्ये, आणीबाणी उठल्यावर. केरळ उच्च न्यायालयाने सरकारला मुलगा हजर करायला सांगितलं. आम्ही त्याला पकडलंच नव्हतं, असं आधी शपथेवर सांगणाऱ्या सरकारला तो कोठडीत मेल्याचं कबूल करावं लागलं, आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. अर्ज दाखल झाल्यापासून तो राजीनामा यायला जेमतेम एक महिना लागला.