स्मार्ट बोर्डाचं सोवळं

बोर्डाचं प्लास्टिक काढायचं नाही, असं ठरलं आहे. स्टाफ मीटिंगमध्ये ठरलं, इतिवृत्तात आलं, खाली सह्या झाल्या. तेव्हा आता ते काढणं हा नुसता आगाऊपणा राहिलेला नाही, शिस्तभंग आहे.

हे मला आसगावच्या चौकातल्या टपरीवर कळलं. सांगणारा पोरगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याचं कॉलेज आसगावात नाही, पवनीतही नाही, एवढं लिहून ठेवतो. चहा मला याच गावात प्यायचाय. नाव विचारू नका. तुमच्या भाच्याच्या कॉलेजात डोकावून या, प्लास्टिक तिथेही असेल.

झालं असं, की ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल भिंतीवर चढला आणि उद्घाटनाचा मुहूर्त निघाला. नारळ फुटला. (पायरीवर. तेवढं भान होतं.) मग साहेबांनी अनामिकेवर ओलं कुंकू घेतलं आणि पडद्याच्या मधोमध स्वस्तिक काढलं. बोर्ड चालू होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक पूजा कशाशी खातात. त्याला बोट कळतं. बोट फिरलं तशी आतून निळी रेघ उमटत गेली. बाहेर लाल स्वस्तिक, आत निळं स्वस्तिक. टाळ्यांचा कडकडाट झाला. कंपनीच्या माणसानं तत्परतेनं ‘सेव्ह’ दाबलं. ‘अनटायटल्ड-१’ या नावाची ती फाइल आजही त्यात आहे, आणि तिला भावंड झालेलं नाही.

आता पेच पाहा. कुंकू वाळलं ते काचेवर नाही, काचेवरच्या प्लास्टिकवर. प्लास्टिक सोलायचं तर स्वस्तिक मधोमध फाटणार. हे पाप कोणी करायचं? शिपाई म्हणाला, मी नाही. ग्रंथपाल म्हणाले, बोर्ड माझ्या खात्यात येत नाही. विज्ञानाच्या सरांनी ओल्या कापसानं आधी कुंकू टिपून घ्यावं असं सुचवलं, तर त्यांच्याकडे असं पाहिलं गेलं की ते पुढचे दोन विषय गप्प बसले. शिवाय हिशेबनीसाचा मुद्दा बिनतोड होता. तपासणी समिती येईल तेव्हा वस्तू नवी दिसली पाहिजे, आणि नवेपणाचा पुरावा प्लास्टिकइतका दुसरा कोणता? तेव्हा स्पर्शानं चालणाऱ्या फळ्याला कोणी स्पर्श करू नये, असं सर्वानुमते ठरलं.

पण नुसत्या ठरावानं धूळ थांबत नाही. म्हणून जांभळ्या मखमलीचं आवरण शिवून आणलं, त्याला सोनेरी झालर. आवरण कोणी उचलू नये म्हणून लाकडी दारं, दारांना कुलूप, कुलपाची किल्ली ऑफिसात, किल्लीसाठी रजिस्टर. रजिस्टरमध्ये सही चालते ती कायम शिक्षकाची, आणि ज्या विभागाच्या खोलीत बोर्ड आहे त्या विभागात कायम शिक्षक एकही नाही. जे होते ते निवृत्त झाले, जागा तशीच. शिकवतात ते तासिका तत्त्वावरचे एक सर. त्यांच्या हातात विषय देता येतो, किल्ली देता येत नाही. तरी दारं उघडतात हो, फोटोच्या दिवशी. पहिल्या दोन बाकांवर नीटनेटकी पोरं, पडद्यावर ‘अनटायटल्ड-१’, आणि सरांचं बोट पडद्यापासून इंचभर अलीकडे, हवेत. कुंकवाला धक्का लागू नये म्हणून. फोटो जिओ-टॅग असतो. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, सगळं मिनिटासकट बरोबर. फोटो झाला की दारं बंद, आणि सर शेजारच्या काळ्या फळ्याकडे वळतात.

“मंग शिकवते कोण?” मी विचारलं.

“सरच शिकवतेत नं जी. बोर्ड पाह्यते.”

काही जण म्हणतील, हा खेड्यापाड्यांचा अडाणीपणा. मुळीच नाही, ही राष्ट्रीय परंपरा आहे. २० सप्टेंबर २००४ रोजी आपण केवळ शिक्षणासाठी म्हणून एक अख्खा उपग्रह सोडला. एज्युसॅट. वजन साधारण दोन टन. गावोगावच्या कॉलेजांच्या गच्चीवर छत्र्या लागल्या, खाली खोल्यांना ‘व्हर्च्युअल क्लासरूम’ अशा पाट्या लागल्या. त्यातल्या किती छत्र्यांवर पुढे वाळवणं पडली, ते त्या त्या गावाला माहीत. उपग्रहानं आपलं काम चोख केलं, सांगितलेल्या आयुष्यापेक्षा अधिक टिकला, आणि २०१४ साली त्याला वरच्या अडगळीच्या कक्षेत ढकलून निवृत्त केलं. आकाशातसुद्धा डेडस्टॉक रजिस्टर असतं. मग २०१७ साली ऑनलाइन शिक्षणाचं ‘स्वयम’ आलं, सोबत शिक्षणाच्या ३२ वाहिन्या आल्या. २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ऑनलाइन घेता येतात. टपरीवरच्या आमच्या पोरानंही नाव नोंदवलं. ओटीपी गेला बापाच्या नंबरावर. बाप बांधीत रोवणीला, आणि फोन चिखलात पडू नये म्हणून घरी खुंटीला. पोरगा बांधीवरून घरी सायकल हाणत पोचला तोवर ओटीपीचा प्राण गेलेला.

हेही चालवून घेतलं असतं. बोर्ड चांगला आहे, स्वयम चांगलं आहे, उपग्रह तर फारच चांगला होता. माझं डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीनं. त्या बोर्डाला पाच वर्षांची वॉरंटी आहे. वर देखभालीचा वार्षिक करार, त्याची रक्कम दर वर्षी न चुकता मंजूर. स्टॅबिलायझर आहे, व्होल्टेज पडलं तर त्याला त्रास नको म्हणून. आणि ते सर? नेट झालेले, पीएच.डी. झालेले, डोक्याचे केस जाऊ लागलेले. त्यांना दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत. तासाप्रमाणे पैसे, दिवाळीची सुट्टी लागली की तास नाही, तास नाही की पैसे नाहीत. आणि झालेल्या तासांचं मानधन? बिल ऑफिसात, ऑफिसातून वर, वरून शेरा मारून परत खाली. आमच्या चौरास भागातल्या रोवणीच्या बायांचा चुकारा हप्त्याच्या बाजाराआधी झाला नाही तर त्या दुसऱ्या दिवशी बांधीत पाय ठेवत नाहीत. सर मात्र मार्चपर्यंत पाय ठेवत राहतात. फोटोच्या दिवशी बोर्डाला इंटरनेट लागतं, तेव्हा कॉलेजचं वाय-फाय रुसलेलं असतं, आणि तेही सरांच्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडतात. २८ दिवसांचं रिचार्ज त्यांनी सासऱ्याकडून मारून घेतलेलं. लाखाच्या वर किमतीची वस्तू बिनपगारी माणसाच्या डेटावर चालते, आणि अहवालात लिहितात, ‘महाविद्यालय तंत्रज्ञानस्नेही आहे.’ अरे, माणसाशी दोन दिवस स्नेह करून बघा!

नवी खरेदी मंजूर झाली आहे असं ऐकतो. आणखी एक बोर्ड येणार. यायलाच हवा, पहिला तर तपासणीसाठी राखीव. माझी साहेबांना एवढीच विनंती, की त्या मुहूर्ताला कुंकवाची वाटी बाहेर निघेल तेव्हा सरांनाही शेजारी उभं करा आणि त्यांच्या शर्टावर मधोमध एक स्वस्तिक काढून टाका. मग बघू, मार्चअखेर त्यांना कोण काढतो ते.