मागील सभेचे इतिवृत्त

शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरांनी गीतेचे जे निरूपण केले ते उतरवून घेण्याचे काम सच्चिदानंदबाबांकडे होते. आणि वक्ता बोलत असता नऊ हजारांवर ओव्या कागदावर येऊन शेवटी शक, स्थळ व लेखक यांचीही नोंद ग्रंथात राहिली असल्यामुळे, आमच्या नगर जिल्ह्याच्या दप्तरातील ते पहिले यथासांग इतिवृत्त होय, असे म्हणावयास हरकत नसावी. परंतु तेही कायम होण्यास काळ लागलाच. पैठणच्या एकनाथांनी पाठ तपासून जी शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ ची. म्हणजे सभा आणि तिच्या इतिवृत्ताची दुरुस्ती यांत २९४ वर्षांचे अंतर पडले. असा भरभक्कम दाखला घरचाच असताना, गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त संकेतस्थळावर अद्याप का आले नाही, अशी पृच्छा करणाऱ्या उतावीळ नागरिकांची आम्हांस कीव येते.

या जिल्ह्यात लिहिणे होत नाही, असा मात्र कोणी ग्रह करून घेऊ नये. नगरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत हिंदुस्थानच्या पाच हजार वर्षांचा वृत्तांत लिहून हातावेगळा केला. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद पत्रे लिहीत असत, आणि ती धाडण्याची सोय नाही हे पक्के ठाऊक असूनही लिहीत असत. आता धाडण्याची सोय उदंड झाली. कळ दाबण्याचा अवकाश, की कागद अकोल्यापासून जामखेडपर्यंत एका क्षणात पोहोचतो. तेव्हा पत्रे होती आणि टपाल नव्हते. आता टपाल आहे. एका युगाने दोन्ही गोष्टी पुरवाव्यात ही अपेक्षाच अवाजवी.

कामाचा बोजाही विचारात घेतला पाहिजे. चौदा तालुके, तेराशेंवर ग्रामपंचायती. कायद्याने प्रत्येकीच्या वर्षाकाठी निदान चार ग्रामसभा आणि दरमहा एक मासिक सभा. गुणाकार करून पाहिला तर नुसत्या गावपातळीवरच वीस हजारांवर इतिवृत्ते दरसाल निपजावयास हवीत. एवढे साहित्य वेळच्या वेळी प्रसिद्ध झाले तर ते वाचणार कोण? मराठी वाचक आधीच मासिकांना पाठमोरा झालेला. त्याच्यापुढे शासनाने स्पर्धा उभी करावी, हे साहित्याच्या हिताचे नाही.

पण विलंबाचे खरे मर्म बोजात नसून इतिवृत्ताच्या प्रकृतीत आहे. कोणत्याही सभेची कार्यक्रमपत्रिका उघडा. विषय क्रमांक एक ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय पुकारला जातो, मागच्या बाकावरून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष होतो, आणि जे कोणी वाचले नाही, पुष्कळ वेळा जे अद्याप पुरते लिहूनही झालेले नाही, ते कायम होते. सभा उठल्यापासून हा घोष होईपर्यंतचा जो काळ, तो लोकशाहीतील सर्वांत सुपीक काळ समजावा. विरजण लावलेले भांडे कोणी हलवू नये, तसे या अवधीत प्रोसिडिंग बुकाच्या वाटेस कोणी जाऊ नये. सभेत ज्या सदस्याने तावातावाने विरोध केला तो या काळात शांत होतो आणि पानावर ‘सर्वानुमते’ हा शब्द उमटतो. जो गृहस्थ त्या दिवशी लग्नाच्या वऱ्हाडात शेवगावास होता, तो अनुमोदक म्हणून अवतरतो. शेवटच्या ठरावाखाली लेखनिकाने सौंदर्यदृष्टीने जी मोकळी जागा सोडलेली असते, तीत ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली गटारीचे, पाझर तलावाचे अथवा एखाद्या गाळ्याच्या भाडेपट्ट्याचे असे ठराव रुजून येतात की ज्यांचा उच्चार सभागृहाच्या भिंतींनीही ऐकलेला नसतो. ऐनवेळ म्हणजे नेमकी कोणती वेळ, हे आजवर कोणत्याही अधिनियमाने बांधून दिल्याचे आमच्या वाचनात नाही, आणि शहाणा कारभारी ते बांधू देणारही नाही. आता असे समजा, की सभा संपल्याच्या तिसऱ्या दिवशी मसुदा संकेतस्थळावर चढला. त्या क्षणी मोकळी जागा बंद, अनुमोदक कायमचा वऱ्हाडात, आणि विरोध करणारा विरोधातच! सभा झाली ती झाली, असा अनर्थ ओढवेल.

शिवाय सरकारी तिजोरीचे काय? माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावयाचा तर त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, नकलेला पानामागे दोन रुपये पडतात, आणि उत्तरास तीस दिवसांची मुदत असते. फुकटात घरबसल्या इतिवृत्त दाखविणे म्हणजे या उत्पन्नावर पाणी सोडणे. गंमत अशी, की या कायद्याचे कूळ आमच्याच जिल्ह्यात निघते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २००३ च्या ऑगस्टात मुंबईस आझाद मैदानावर उपोषण मांडले तेव्हा राज्याच्या माहिती अधिकार कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. दोन वर्षांनी देशाचा कायदा आला. त्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम मोठे मनोवेधक आहे. आपल्या सभा लोकांस खुल्या आहेत किंवा कसे, आणि त्यांची इतिवृत्ते लोकांस पाहावयास मिळतात किंवा कसे, हे प्रत्येक कार्यालयाने आपण होऊन जाहीर करावे, असे ते सांगते. आणि पुढे जाऊन असेही सांगते, की माहिती इंटरनेटसह नाना मार्गांनी आधीच देत जावी, म्हणजे लोकांवर या कायद्याचा आसरा घेण्याची पाळी कमीत कमी येईल. स्वतःचा वापर कमी व्हावा अशी इच्छा बाळगणारा कायदा विरळा. त्याची आज्ञा पाळणेही अवघड नाही: ‘पाहावयास मिळतात किंवा कसे’ या रकान्यापुढे ‘निरंक’ असा शेरा मारला, की कलमाची पूर्तता झाली.

आमच्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण कोणी आम्हांस देऊ नये. तेथे दरसाल पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात, किती पाऊस झाला आणि त्यात कोणते पीक बसते हे चारचौघांत ठरवितात. पण असली गावे पाहावयास जाण्यासाठी असतात. बसमधून शिष्टमंडळे जातात, छायाचित्रे काढतात, आणि आपापल्या तालुक्यास परत येऊन ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब करतात. गणपूर्तीस पंधरा टक्के मतदार अथवा शंभर, यांतील कमी असेल ती संख्या पुरते. तहकूब सभेस तीही लागत नाही. म्हणजे लोक नसण्यासारखी सोय नाही.

या सोयीची परमावधी आम्ही अलीकडेच पाहिली. २०२२ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, २०२३ च्या अखेरीस महानगरपालिकेची, आणि निवडणुका न्यायालयाच्या दारी अडकल्यामुळे दोहींचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. सर्वसाधारण सभेचे अधिकार एकाच आसनावर विराजमान झाले. अशा सभेचे चित्र डोळ्यांपुढे आणा: प्रशासक विषय मांडतात, प्रशासक तो लक्षपूर्वक ऐकतात, त्यावर प्रशासक चर्चा करून ठराव मंजूर करतात, सभात्याग नाही, माइकची ओढाताण नाही, घोषणा नाही. इतिवृत्त लिहिण्यास यापेक्षा सोपी सभा इतिहासात झाली नसेल. ज्यांना वाटते की विलंब हा केवळ गोंगाटातून सत्य वेचून काढण्याच्या कष्टांमुळे होतो, त्यांनी त्या वर्षांतील ठरावांच्या नकला किती जणांनी घरबसल्या वाचल्या हे शेजारीपाजारी विचारून पाहावे. आता त्यात नामांतराची भर पडली आहे. २०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झाला, तेव्हा त्याआधीच्या सभेचे इतिवृत्त जुन्या नावाच्या शिक्क्यानिशी चढवावे की नव्या, या पेचावर मार्गदर्शन मागविण्यास निदान एखादे पंचवार्षिक सहज खर्ची पडू शकेल.

इतक्यात दिल्लीहून एक नवे संकट निघाले आहे. २०२५ च्या ऑगस्टात केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाने ‘सभासार’ नावाचे एक साधन आणले. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण त्यास द्यावे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर त्याने इतिवृत्ताचा मसुदा करून द्यावा, अशी त्याची रचना. यंत्र वऱ्हाडात जात नाही, त्यास लिहावयाचे राहून गेले असे होत नाही, आणि मोकळी जागा सोडण्याचे सौंदर्यशास्त्र त्यास कोणी शिकविलेले नाही. आमच्या गावांतील अनुभवी मंडळींनी यावर गुप्तपणे विचारविनिमय केल्याचे कळते. यंत्रास विरोध करावयाचा नाही, त्याचे नारळ फोडून स्वागतच करावयाचे. फक्त तो मसुदा भाषेच्या किरकोळ दुरुस्तीसाठी प्रथम कारकुनाकडे जावा आणि पुढील सभेत वाचून कायम होईपर्यंत कोठेही चढवू नये, असे त्यांनी एकमुखाने ठरविले आहे. हा ठराव कोणत्या सभेत झाला, सूचक कोण आणि अनुमोदक कोण, असे आम्ही विचारले असता, ते अजून लिहावयाचे आहे, असे उत्तर मिळाले.