पेटीला उडायचं नसतं

रेडिओ कंट्रोलची विमानं उडवणारा माणूस मुळात वजनाचा चिक्कू. बाल्साच्या पट्ट्या तो दुकानातच हातावर तोलून बघतो. हलक्या शेपटीसाठी बाजूला काढतो, जरा भरीव असतील त्या नाकाकडे लावतो. डिंकाचा ओघळ वाळला की ब्लेडने खरवडून काढतो, कारण शेपटीत एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं कोंबावं लागतं. आणि हाच माणूस त्याच आठवड्यात १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड रिक्षात आडवा घालून घरी आणतो. सोबत पितळी कोपरे, दोन बिजागऱ्या, कडी-कोयंडा आणि ट्रंकेला शोभेल अशी मूठ. त्याला मैदानावर न्यायची पेटी करायची असते. विमान अडीच किलोचं. पेटी भरल्यावर किती होते हे कुणी बघत नाही. बघू नये असा संकेत आहे.

मला यात काही विसंगत वाटत नाही. वर्षभर हलकं, आणखी हलकं करत बसलेल्या माणसाला एखादी वस्तू मनसोक्त जाड करावीशी वाटणारच. पेटीला उडायचं नसतं. हवेत इंजिन बंद पडलं तर तिचं काही बिघडत नाही. उतरताना वारा फिरला तरी ती जागची हलत नाही. त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या वस्तूंपैकी संध्याकाळी जशीच्या तशी घरी परत येणारी ही एकच.

पेटी करायचा मोसम पावसाळा. जून ते सप्टेंबर माळावर चिखल आणि आभाळ खाली आलेलं. मग आलेख कागद निघतात. दर रविवारी नवा आराखडा, आणि दर आराखड्यात एक खण जास्त. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात मापं सांगितली की दुकानदार विचारतो, "किचनचं काम काढलं का साहेब?" विमानाचं सामान ठेवायची पेटी, असं सांगितलं तर तो बिजागऱ्या मोजायचं थांबून नीट वर बघतो. तेव्हा हो म्हणून मोकळं व्हावं. घरात तर असं हो म्हणण्याचीही सोय नसते. "अहो, एवढ्या प्लायवूडमध्ये चपलांचा रॅक झाला असता," हे वाक्य पेटी करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं, आणि ते गणिताने बरोबरही असतं.

आता एवढं त्या पेटीत असतं काय? इंजिनाच्या विमानापासूनच सुरुवात करू, कारण पेटीचा खरा थाट तिथे. शिकाऊ विमानाला बहुधा फोर्टी इंजिन असतं, ०.४० घन इंचाचं, म्हणजे साडेसहा सीसीचं. ते हाताने पंखा मारून सुरू करता येतं, पण तो पंखा मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या पुढे जातो आणि बोट आपलं असतं. म्हणून स्टार्टर. स्टार्टरला १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची बॅटरी. ही बॅटरी एकटीच सव्वादोन-अडीच किलोची, म्हणजे विमान सुरू करायला विमानाच्याच वजनाचं एक धूड सोबत वागवायचं. उलट इंजिनातल्या ग्लो प्लगला हवे असतात फक्त दीड व्होल्ट. त्याच्या तारेत प्लॅटिनम असतं. मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांची जोडी अशी, की एकदा इंजिन लागलं की बॅटरीची तार काढून घेतली तरी प्लग आपला लालच राहतो. दीडच्या जागी चुकून बारा व्होल्ट दिले तर मात्र तो क्षणात उडतो. म्हणून मग पेटीच्या दर्शनी भागावर एक पॅनेल. त्यावर बटणं, दिवा आणि थरथरता काटा. पॅनेल नसलं तरी चालतं, वेगळा सेल वापरता येतो. पण थरथरता काटा असलेली वस्तू आपल्या मालकीची असावी ही इच्छा पुरुषमात्रात उपजत असावी.

इंधनाचा खण बॅटरीपासून लांब. मिथेनॉल विषारी असतं, आणि ते पेटलं तर भर उन्हात त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही. झाकण सैल राहिलं की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग इंजिन रुसतं. त्याच्या सोबतीला तेल लागतं, आणि ते तेल म्हणजे चक्क एरंडेल. चार भाग मिथेनॉल, एक भाग एरंडेल हे मिश्रण जागतिक स्पर्धांतही काही प्रकारांसाठी चालत आलेलं आहे. लहानपणी नाक दाबून जे प्यालो ते आता पैसे मोजून, आपण होऊन, हौसेने आणतो. एरंडेल भयंकर तापलं तरी धातूला धरून राहतं, हा त्याचा गुण पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांनीही ओळखला होता. वैमानिकांच्या चष्म्यावर ते सतत उडत असे. आमच्याकडे ते पंखावर, शर्टावर आणि गाडीच्या सीटवर येतं. म्हणून पेटीत फडकी, साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि टाल्कम पावडरचा डबा. पावडर तोंडाला लावायची नसते. पंख धडाला बांधायचे रबर तेलाने सडतात, ते पावडरीत घोळून ठेवायचे असतात.

पेटीला पॉलिश कसलं करावं, यावर ओळखीच्या सुताराशी वाद होतोच. तो जुन्या वळणाचा असला तर लाखेच्या पॉलिशवर अडून बसतो. आरशासारखी चमक येते यात शंका नाही. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच ते पॉलिश करतात आणि मिथेनॉल हे त्याच घराण्यातलं. इंधनाचा पहिला थेंब सांडला की तिथली चमक पुसून जाते. पॉलियुरेथेन मारा. सुतार नाराज होईल, होऊ द्या.

नवी पेटी पहिल्यांदा माळावर उघडतात तो सोहळा बघण्यासारखा असतो. रुखवत मांडल्यासारखं सगळं मांडून ठेवलेलं असतं आणि लोक एकेक वस्तू उचलून बघत पुढे सरकतात. "हा पान्हा कुठे मिळाला?" "ड्रॉवरला चुंबक लावलंस वाटतं." वरच्या बाजूला फोम लावलेले दोन खुंट असतात, विमान त्यांवर आडवं ठेवायला, तेही दाबून बघतात. त्या दिवशी विमान कसं उडालं हे कुणी विचारत नाही. पुढच्या रविवारी आणखी कुणीतरी मेजर टेप घेऊन येतो.

जाणता माणूस पेटीवरून मालक ओळखतो. फेविक्विकच्या चार ट्यूब आणि पाच मिनिटांत वाळणारं इपॉक्सी असेल तर गृहस्थ आशावादी आहे, तुटलेलं विमान तिथेच जोडून पुन्हा उडवणारा. मोठी प्लॅस्टिकची पिशवी घडी घालून ठेवली असेल तर तो अनुभवी आहे. ती अवशेष गोळा करायला असते. बँडेज जवळजवळ सगळ्यांकडे असतं. एका पेटीत कुंकवाची डबीही पाहिली आहे, विचारलं नाही. आणि कितीही खण केले तरी एक गोष्ट पेटीत मावतच नाही, ती म्हणजे पंख. ते घरी सोफ्यावर विसरून सगळा सरंजाम माळापर्यंत आणणारा इसम प्रत्येक गटात एक असतो. त्याची पेटी बहुधा सर्वांत सुंदर असते.

काही वस्तू पेटीतून निघूनही गेल्या. पूर्वी परदेशी क्लबांत प्रत्येक पेटीत लाकडी चिमटे असत, कपडे वाळत घालायचे असतात तसलेच, त्यावर चॅनलचा नंबर. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ, इंग्लंडमध्ये ३५. ज्याच्याकडे चिमटा त्यानेच रेडिओ लावायचा. दोघांनी एका चॅनलवर लावला की निदान एक विमान खाली. २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले आणि चिमटे गॅलरीतल्या दोरीवर परत गेले. हा रेडिओचा खेळ सुरू करणाऱ्यांत वॉल्टर आणि विल्यम गुड हे अमेरिकेतले जुळे भाऊ होते. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनी उडवलेलं 'गफ' हे विमान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. विमानं संग्रहालयात जातात, पेट्या माळ्यावर.

मग विजेची विमानं आली. इंधन नको, स्टार्टर नको, एरंडेल नको. आता पेटी संपली, असं सगळ्यांना वाटलं. पहिल्या वर्षी लोक खरंच कापडी पिशवी घेऊन येऊ लागले. पण लिथियम पॉलिमर बॅटरीच्या प्रत्येक सेलला ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचं असतं, त्यापुढे गेलं की तो फुगतो आणि पेटही घेऊ शकतो. म्हणून चांगला चार्जर हवा. चार्जरला माळावर वीज हवी, म्हणून परत मोठी बॅटरी. सेल मोजायचं यंत्र, आग न लागणारी थैली, सुट्टे पंखे, सोल्डरिंगची तार. चपलांच्या रॅकइतकीच मोठी पेटी पुन्हा उभी राहिली. सामान बदललं, बाकी वृत्ती आहे तिथेच आहे.

माळावर येणाऱ्या गावकऱ्यांनाही विमानापेक्षा पेटीच पटते. हल्ली शेतावर ड्रोन येतात, त्यामुळे उडणाऱ्या वस्तूंचं त्यांना पूर्वीसारखं अप्रूप नाही. शेळ्या घेऊन आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "औषिद मारायचं हाय का?" नाही, म्हटलं, नुसतंच उडवायचंय. "नुसतंच?" त्यांनी थोडा वेळ आमच्याकडे दयेने पाहिलं. मग आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरची नवीकोरी पेटी मुठीला धरून उचलली, दोन पावलं चालून खाली ठेवली आणि म्हणाले, "झ्याक हाय. पर येका अंगाला वढतीया."

विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून नेमका कुठे यायला हवा हे मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या त्या गृहस्थांनी पेटीची मूठ बरोबर मधोमध लावली होती. बॅटरी मात्र डाव्या टोकाला होती. तेव्हा पेटी करायला घेणार असाल तर मूठ सगळ्यात शेवटी लावा. आधी बॅटरी, इंधन, हत्यारं, सगळं जिथल्या तिथे भरा. मग झाकणाखालून काठी घालून पेटी उचला, ती सरळ कुठे राहते ते बघा, आणि तिथेच भोकं पाडा.