खारघरच्या वाहनधारकांसाठी 'ठक्' आवाजाचे निदानशास्त्र

परदेशात मोटारीचे सस्पेन्शन तपासायला खास यंत्रे असतात. चाकाखालची लोखंडी पाटी थरथरते आणि पडद्यावर आकडे उमटतात. खारघरच्या एमएच-46 धारकांनी या चैनीच्या मागे लागू नये. आपल्याकडे हे यंत्र रस्त्यातच बसवलेले असून ते चोवीस तास विनामूल्य चालू असते. ते वापरायचे कसे, एवढेच कोणी सांगत नाही.

सर्वप्रथम गाडीतले गाणे बंद करावे. ही पायरी सर्वांत अवघड आहे, कारण आपल्याकडे सस्पेन्शनचे बहुतेक आजार गाण्याचा आवाज वाढवून बरे केले जातात. 'टक' ऐकू आले की आवाज थोडा वर, 'धप्प' झाले की भरपूर वर. या उपचाराने गुण ताबडतोब येतो, हे मान्यच करायला हवे. मात्र स्पीकर बिघडला की दबलेले सगळे आजार एकदम उलटतात.

आता काचा खाली करून सायन-पनवेल महामार्गावरून आत वळावे. पहिला गतिरोधक लगेच भेटेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-99 या मार्गदर्शिकेनुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, त्याचा गोलवा 17 मीटर त्रिज्येचा असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सुखाने जाते. आपल्या गल्लीतल्या गतिरोधकाला टेप लावायला जाऊ नये. शाळेत शिकलेल्या भूमितीवरचा विश्वास उडतो. सोसायटीच्या फाटकासमोर रात्रीतून उगवणारा गतिरोधक तर सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर होणारा एकमेव ठराव असतो, त्यामुळे त्याविषयी न बोललेले बरे.

गतिरोधकावर एका बाजूने हलके 'टक-टक' आले तर संशयित नंबर एक लिंक रॉड. हा स्वस्त भाग आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करावी. जड 'धप्प' आले आणि ब्रेक लावताना गाडी किंचित बाजूला सरकली, तर लोअर आर्मच्या बुशचे रबर फाटलेले असण्याची शक्यता मोठी. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना 'कर्रर्र' होऊन स्प्रिंग उसळी मारत असेल, तर स्ट्रटच्या माउंटिंगमधले बेअरिंग बघायला सांगावे. स्ट्रटची ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची, 1940च्या दशकातली. त्या गृहस्थांनी ओवे गावाचा रस्ता पाहिलेला नव्हता, हे लक्षात घेऊन त्यांना माफ करावे.

उत्सव चौकाचा उपयोग फोटो काढण्यापलीकडेही आहे. चौकाला वळसा घालून बाहेर पडताना पकड सैल केली, तर स्टेअरिंग आपण होऊन सरळ व्हायला हवे. चाकांच्या कॅस्टर कोनामुळे हे घडते. ते वाकडेच राहिले तर कुठेतरी काही अडकते आहे किंवा कोन बिघडला आहे. पुढे एखाद्या मोकळ्या जागी स्टेअरिंग पूर्ण कापून हळू गोल फिरावे. 'कट-कट-कट' ऐकू आले तर ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा रबरी बूट फाटून ग्रीस गेले, असे समजावे. यात सस्पेन्शन निर्दोष आहे, उगाच त्याचे नाव घेऊ नये.

घरी आल्यावर बॉनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन दाबावे आणि सोडावे. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकअप बरा. ती मान डोलावत राहिली, किंवा शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. शेजारी 'काय करताय?' असे विचारणारच. 'व्यायाम' म्हणावे, खरे सांगितले तर ते स्वतःची गाडीही दाबायला आणतील.

शेवटची तपासणी जॅक लावून. जागा सपाट हवी (सोसायटीच्या तळघरात अजून सापडते), हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण. जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नये, घोडी लावावी. हे वाक्य या लेखात विनोदाने आलेले नाही. चाक डाव्या-उजव्या टोकांना धरून हलवावे; खेळ जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. या दोघांतला चोर ओळखायला घरच्या कोणाला ब्रेक दाबून बसायला सांगावे. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

हे सगळे उरकल्यावरच व्हील अलाइनमेंट. झिजलेल्या टाय रॉडवर अलाइनमेंट करणे म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी काढणे. पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होतात, आपण पैसे देतो आणि टायर आतल्या कडेने झिजतच राहतो.

एवढी यातायात ज्यांना नको, त्यांच्यासाठी 17 नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर-पेंधर मेट्रो धावते आहे. 11 स्थानके, मध्ये एकही गतिरोधक नाही.

बाकीच्यांना एकच विनंती. लिंक रॉडची टकटक महिनाभर थांबते, बॉल जॉइंट थांबेलच असे नाही. तो निसटला की चाक आडवे पडते आणि स्टेअरिंग नुसते हातात उरते. तेव्हा तुमच्या गाडीतला आवाज नेमका कोणाचा, हे येत्या रविवारी बघून घ्या.