नियमावलीची भानगड

आधी दार लावून घ्या, मग सांगते. इंग्लंडात नॉटिंगहॅमला आमची मावसबहीण, ताई, राहते ना, तिच्या यजमानांबद्दल आहे. भाऊजी पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर चांदी, ऑफिसात हाताखाली वीसेक माणसं. दर शुक्रवारी रात्री जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरतात आणि त्यावर पहिल्या महायुद्धातले इंच-सव्वा इंच उंचीचे शिपाई मांडतात. मांडून लढवले तरी एक वेळ समजून घेतलं असतं. पण कित्येक महिन्यांत एक गोळी सुटलेली नाही! कारण लढाई कोणत्या नियमांनी खेळायची हेच ठरत नाहीये. खंदक तयार, काटेरी तार तयार, तोफांना रंग देऊन झालाय, आणि सेनापती सोफ्यावर बसून नियमांची पुस्तकं चाळतायत. एक सोडून सात पुस्तकं!

आणि ते एकटे असते तर म्हटलं असतं, एखाद्याला असतो छंद. पण ते नॉटिंगहॅम म्हणजे या व्यसनाची काशीच की हो. गेम्स वर्कशॉप तिथलं, वॉरलॉर्ड गेम्स तिथलं, आजूबाजूला शिपाई ओतणारे आणखी कितीतरी. त्या भागाला जाणकार 'लेड बेल्ट', शिशाचा पट्टा, म्हणतात. शिवाय लंडनला दर वसंतात 'सॅल्यूट' नावाची जत्रा भरते. तिथून गृहस्थ पिशव्या भरभरून येतात आणि घरी विचारलं तर म्हणतात, "हे जुनेच आहेत, फक्त डबा नवीन."

हे सगळं सुरू कुणी केलं, ऐकाल तर कानांवर हात ठेवाल. एच. जी. वेल्स! 'टाइम मशीन'वाले, शांततेचे पुरस्कर्ते, विचारवंत वगैरे. 1913 साली त्यांनी 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. जेवण झालेलं, कॉफी यायची होती, शेजारच्या टेबलावर मुलांची खेळण्यातली स्प्रिंगची तोफ पडलेली. एका पाहुण्याला राहवेना. खुर्ची ओढली, तोफ भरली, नेम धरला आणि शिपाई आडवा केला. वर बढाई मारून इतरांना आव्हानंही दिली. वेल्स यांनी त्याचं नाव छापलं नाही, नुसती आद्याक्षरं दिली, जे. के. जे. म्हणजे कोण, तर 'थ्री मेन इन अ बोट'चे जेरोम के. जेरोम, असं सगळे समजतात. आद्याक्षरांनी कधी कुणाची अब्रू झाकली आहे का? ती तोफ म्हणे नऊ यार्डांवरून दहातले नऊ शिपाई पाडायची. पुस्तकाच्या उपशीर्षकात खेळाडूंची वयोमर्यादा बारापासून दीडशे वर्षांपर्यंत दिली आहे, आणि मुलींना प्रवेश आहे तोही मुलांचे खेळ आवडणाऱ्या, त्यातल्या त्यात हुशार मुलींना. घ्या! 1913 सालीसुद्धा आपल्याला पाटावर बसवायचं ते अटी घालूनच.

पण वेल्सबाबांचे नियम थोडके होते, हे मान्य करायला हवं. पायदळ एक फूट चालणार, घोडदळ दोन फूट. तोफेचा निकाल नेमावर, फाशांवर नाही. घड्याळ लावून चाल करायची. खेळ वाटेल त्याला तासाभरात समजेल असा. शेवटी त्यांनी हेही लिहिलं की खऱ्या युद्धाचा गाढवपणा कळायला हा खेळ तीन-चारदा खेळून बघा. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये खरं युद्ध पेटलं, आणि युद्ध संपवणारं युद्ध म्हणून त्याची भलामण करायला पुस्तक लिहून पुढे कोण? हेच वेल्स. असो. मोठी माणसं.

आरमारवाल्यांचं तर विचारूच नका. 'जेन्स फायटिंग शिप्स'चे फ्रेड जेन यांच्या खेळात कागदावरच्या जहाजांवर टाचणी लावलेल्या फळीने चापट मारायची, भोक पडेल तिथे गोळा लागला! नंतर न्यूयॉर्कात फ्लेचर प्रॅट या लेखकाची मंडळी जमिनीवर लोळण घेऊन डोळ्यांनी अंतराचा अंदाज बांधायची आणि मग टेप लावून बघायची. सुशिक्षित, कमावती माणसं हो!

तर मुद्दा भाऊजींचा. मी फोनवर विचारलं, "भाऊजी, एक पुस्तक उचला आणि खेळा की." तर म्हणाले, "अगं, तुला कळत नाही. विसाव्या शतकाची पहिली वीस वर्षं म्हणजे एक युद्ध नव्हे." आणि मग तासभर सोडलं नाही. 1904 साली रशिया-जपान पोर्ट आर्थरला मशीनगन आणि तारांमध्ये मरत होते. तरी 1914च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच पायदळ लाल विजारी घालून शेतांतून निघालं. 1916 साली सगळे चिखलात गाडलेले. 1918 साली रणगाडे, विमानं, लहान तुकड्या चोरपावलांनी पुढे. लगेच रशियातलं यादवी युद्ध, तिथे चिलखती आगगाड्या आणि घोडागाडीवर बसवलेली मशीनगन. मशीनगनला खरी ताकद दिली तर खंदकाबाहेर कुणी डोकं काढत नाही, चहाच्या आत खेळ खलास. ताकद काढून घेतली तर इतिहासवाले अंगावर येतात. भाऊजींच्या मते मशीनगनला फासे किती, हा चारित्र्याचा प्रश्न आहे.

आता त्यांची लफडी ऐका. पहिली 'ग्रेट वॉर स्पीअरहेड'. तिच्यात तुम्ही मोठे सेनापती. नकाशावर पेन्सिलीने बाण काढायचा आणि पलटण त्या बाणावरून चालत राहणार. समोर खड्डा दिसला, शत्रू दिसला, तरी बाण म्हणेल तसं. बदलायचा तर फाशांची मिनतवारी करा. ऐकून मला हसू आलं, मग जरा विचार केला. त्या युद्धात फोनच्या तारा गोळ्यांनी तुटायच्या, निरोप्या वाटेत मरायचा आणि मागे बसलेल्या जनरलसाहेबांचा बाण तसाच चालू राहायचा. माझ्या मते सातही पुस्तकांत खरं बोलणारा नियम हाच. पण भाऊजींना तो नको, कारण त्यात आपली चूक सगळ्यांसमोर तास-दोन तास चालताना बघावी लागते.

दुसरी 'थ्रू द मड अँड द ब्लड'. काढणारी मंडळी स्वतःला 'टू फॅट लार्डीज' म्हणवतात, आणि आपण विचारायचं काय? हिच्यात पत्ते. ज्या नायकाचं पान निघेल त्याची तुकडी हलणार. न निघाल्यास तुमचा शूर लेफ्टनंट खड्ड्यात बसून राहिला, उपाय नाही. यांच्याच नेपोलियनच्या काळातल्या एका खेळात 'टिफिन' नावाचं पान आहे, ते निघालं की फेरी संपली! युद्ध थांबवून चहा! आणि आपण म्हणायचं, ब्रिटिशांनी राज्य केलं कसं. तिसरी लॅरी ब्रोम यांची 1979ची 'द सोर्ड अँड द फ्लेम'. तीही पत्त्यांचीच, लाल पान एका बाजूचं, काळं दुसऱ्याचं. जुनी, तरी अजून माणसं फिदा. चौथी 'स्क्वेअर बॅशिंग', चौकोनांची, म्हणजे फूटपट्टीचं भांडणच मिटलं. ताई म्हणते, हीच सर्वांत सोज्वळ. भाऊजी तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. उरलेल्या तिघींतल्या प्रत्येकीचं नाव घेत बसत नाही, पण एकीचं घ्यावंच लागेल.

ती म्हणजे 'बोल्ट अ‍ॅक्शन'. मुळात दुसऱ्या महायुद्धाची. तरी लोक तिला ओढून पहिल्या युद्धात आणतात, कारण क्लबात प्रत्येकाला ती येते. पिशवीतून फासा काढायचा, ज्याच्या रंगाचा निघेल त्याच्या तुकडीने हलायचं. हिच्यात रायफल 24 इंच मारते. मी गणित केलं, मला राहवत नाही. 28 मिलिमीटरचा शिपाई म्हणजे साधारण 56 पट लहान माणूस. तर 24 इंच म्हणजे खरे 34 मीटर! ज्या ली-एनफिल्डला 2000 यार्डांपर्यंत नेमाच्या खुणा होत्या, ती इथे गल्लीच्या टोकापर्यंतही पोचत नाही. प्रमाणात खेळायचं म्हटलं, तर 500 मीटरची रायफल टेबलावरून नऊ मीटर गेली पाहिजे, म्हणजे परसातल्या कुंड्यांपर्यंत. मैदानी तोफ तर शंभरेक मीटर मागे, कुणा परक्याच्या फाटकात. हे कुणी बोलत नाही. सगळे जण टेबलाभोवती उभे राहून इतिहासाच्या अचूकतेवर तावातावाने भांडतात आणि रायफल मात्र दोन फुटांवर दम टाकते.

पण सर्वांत मोठं कांड वेगळंच आहे. ताईने सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. "अगं, रविवारी सकाळी खाली येऊन बघते तर हे ब्लेड घेऊन शिपायांचे पाय सोडवतायत. म्हटलं, झालं काय? तर म्हणे, नियम बदलले." कारण असं, की प्रत्येक नियमावलीचा पायाखालचा तुकडा वेगळा. कुठे 40 मिलिमीटरच्या चौकोनावर चौघे चिकटवायचे, कुठे प्रत्येक जण सुटा. चौकोनावरून सुटे करायचे तर गोंद, वाळू, खोटं गवत, सगळं खरवडायचं. दोन-तीन घोट्यांपासून मोडतात. मग ते जखमी म्हणून मांडायचे. आणि सुट्या शिपायांच्या पायाखाली काय चिकटवतात, माहीत आहे? नाणी! एक पेनीची, दोन पेनीची. 1992 नंतरची आत पोलादाची, म्हणून लोहचुंबकाला धरतात आणि डबा हलवला तरी शिपाई पडत नाहीत. भाऊजींचे निम्मे जवान राणीसाहेबांच्या चेहऱ्यावर बूट रोवून उभे आहेत. ताईला वाईट वाटतं ते राणीचं नाही, किराण्याच्या सुट्या पैशांचं.

हे सगळं करून भाऊजींना खेळायचंय काय, तर मेसोपोटेमिया. इथे मात्र मी थट्टा आवरली. 6वी पूना डिव्हिजन, टाउनशेंडच्या हाताखाली टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघालेली. तिच्यात 103वी आणि 110वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, 117वी मराठाज होती. नोव्हेंबर 1915मध्ये टेसिफॉनला चार हजारांहून जास्त माणसं पडली किंवा जायबंदी झाली. मग मागे येऊन कूत-अल-अमारात अडकले, 7 डिसेंबरपासून. 29 एप्रिल 1916ला तेरा हजारांच्या आसपास लोक शरण गेले. निकाल रायफलने लावला नाही, पिठाने लावला. घोड्याचं मांस पुढे आलं तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी धर्मापायी फार उशिरापर्यंत हात लावला नाही, अशक्तपणाने माणसं जागच्या जागी खचत गेली. लार्डीजच्याच 'इफ द लॉर्ड स्पेअर्स अस'मध्ये मध्यपूर्वेतल्या त्या सगळ्या लढाया येतात, आणि मी भाऊजींना म्हटलं, हीच घ्या. "पण भुकेला फासे किती?" मी विचारलं. तिकडून बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग म्हणाले, "ते आपण घरचा नियम म्हणून घालू."

घरचा नियम! म्हणजे आठवं पुस्तक आलंच.

आता तुमच्याही घरात असा कुणी असेल, भाऊ, जावई, नाहीतर तुम्ही स्वतः (मला सगळं कळतं), तर माझा निवाडा ऐकून ठेवा. समोर जो खेळायला येणार आहे त्याच्याकडे जे पुस्तक असेल तेच चांगलं. त्याच्याकडे नसेल तर तुमच्या सातांपैकी कुठलंही घेऊन एक लढाई बटणं आणि काडेपेट्या मांडून शेवटपर्यंत खेळा. ती पुरी होईपर्यंत गोंदाच्या बाटलीला हात लावू नका.